उचल आणि पंखा

बेळगावात वाढलेल्या मुलामुलींना किर्लोस्कर रोड ठाऊक असतो तो खरेदीसाठी. ते किर्लोस्कर कोण आणि त्यांचा कारखाना बेळगावातून का गेला असं विचारलं, तर 'पंपवाले, आपल्याच भागातले' यापलीकडे फारसं कुणी जात नाही. माझ्याकडे प्रशिक्षणाला येणाऱ्या पोरांना मी दरवर्षी विचारते, म्हणून हे सांगते आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथे कळलं, तेव्हा ब्रश ठेवून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुढे बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. धंदा कुठे रुळायला लागला, तोच नगरपालिकेने जागा सोडायला सांगितलं. तिथे नवी वसाहत वसवायची होती. ती वसाहत म्हणजे ठळकवाडी, आजची टिळकवाडी. म्हणजे आपल्यापैकी निम्म्यांची घरं, शिकवण्या आणि लग्नाची कार्यालयं आज ज्या भागात आहेत, त्या भागासाठी एक कारखाना गावाबाहेर गेला. त्याबद्दल बेळगावाने हळहळावं की नाही, हा वाद आमच्या घरी दिवाळीला एकदा तरी होतो.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान त्यांनी दिलं आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली किर्लोस्कर मंडळी तिथे उतरली तेव्हा जमिनीवर निवडुंग होता आणि निवडुंगात नाग होते. आज स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी आहे. माळ साफ करून कारखाना झाला, कामगारांना राहायला घरं झाली, शाळा झाली. शिवाशीव वाडीत चालणार नाही असं लक्ष्मणरावांनी ठरवलं, आणि ते १९१०च्या आसपासच्या खेड्यात ठरवलं, हे विसरू नका. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. कारखान्याचं ते छोटं पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या वाचनाला वळण देऊन गेलं.

इथवरचं सगळं तुम्ही कुठल्यातरी गौरव अंकात वाचलं असेल. मला पुढचं बोलायचं आहे, कारण हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. मी एका मोठ्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी आहे. १९४८च्या कारखाना कायद्याने पाचशे कामगार झाले की असा अधिकारी ठेवणं सक्तीचं केलं, म्हणून माझी खुर्ची आहे. त्याच कायद्यात अडीचशेच्या वर माणसं गेली की कँटीन, दीडशेच्या वर डबा खायची खोली, तीसपेक्षा जास्त बायका असल्या की पाळणाघर, असं होतं. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. आणि या आकड्यांच्या खालची माणसं कशी राहतात, तेही मी पाहिलेलं आहे. आमचे आप्पा त्या आकड्यांच्या खाली राहिले.

आप्पा मोल्डर होते. बेळगावात फाउंड्र्यांना तोटा नाही. उद्यमबागेच्या बाजूने गेलात तर जळक्या वाळूचा वास अजूनही येतो. मोल्डरचं काम म्हणजे वाळूत साचा बसवायचा, ती ठोकून घट्ट करायची, साचा अलगद काढायचा, मग त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. थंड झालं की वाळू फोडून कास्टिंग बाहेर काढायचं आणि घासून साफ करायचं. धूळ उडते ती या शेवटच्या दोन कामांत. जी धूळ डोळ्यांना दिसते, अंगावर बसते आणि आंघोळीने जाते ती फारशी वाईट नाही. वाईट असते ती न दिसणारी. वाळूतल्या सिलिकाचा इतका बारीक कण की तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो आणि तिथे व्रण करतो. वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग एक दिवस माणूस जिना चढताना मध्येच थांबतो.

आप्पांच्या मालकांविषयी मी वाईट बोलले तर आई आजही रागावते, आणि तिचं चूक नाही. माझ्या आत्याच्या लग्नाला त्यांनी उचल दिली आणि ती दोन वर्षं कापली नाही. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की प्रत्येकाच्या घरी नारळ आणि पेढे यायचे. माझ्या दहावीच्या निकालाला त्यांनी मला मनगटी घड्याळ दिलं. ते घड्याळ अजून चालतं. असा माणूस. आणि त्याच माणसाच्या शेडमध्ये धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा शेवटपर्यंत बसला नाही. एका छपराखाली दोन पाट्या होत्या, एक त्यांच्या नावाची आणि एक भावाच्या. एका हजेरीपटावर नऊ माणसं, दुसऱ्यावर नऊ. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसं झाली की तेव्हा कायदा लागू व्हायचा, हे गणित त्यांना पक्कं येत होतं. आप्पांना खोकला लागला तेव्हा आधी टीबी म्हणून कितीतरी महिने औषधं झाली. सिलिकोसिसची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते, चुकीच्या नावाने. मालक भेटायला आले, फळं आणली, औषधाला पैसे ठेवून गेले.

समाजकार्याचं शिक्षण घ्यायला मी गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हाला रॉबर्ट ओवेन शिकवला. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीचा हा मालक. १८०० साली त्याने कारभार हातात घेतला. दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणं थांबवलं, त्यांच्यासाठी शाळा काढली, कामाचे तास कमी करत आणले. अमेरिकेतून कापूस येणं बंद पडलं तेव्हा गिरणी चार महिने थांबली आणि या काळात त्याने सगळ्यांना पूर्ण पगार दिला. वर्गात सगळे भारावून गेले होते. मीही गेले होते. पण त्याच ओवेनने प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ लाकडाचा एक चौकोनी ठोकळा टांगला होता. चार बाजूंना चार रंग. काल तुम्ही नीट वागलात तर पांढरी बाजू समोर, अगदी वाईट वागलात तर काळी. येता-जाता सगळ्यांना दिसेल अशी. तो ठोकळा वाचला आणि मला खंडेनवमीचे पेढे आठवले. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. देणारा आणि तपासणारा हात एकच असला की घेणाऱ्याने मान वर करून काही मागायची सोय उरत नाही, एवढं आता कळतं.

आपल्याकडे याहून जवळचं उदाहरण नागपूरचं आहे आणि माझ्या मते ते किर्लोस्करवाडीइतकंच वाचायला हवं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं तो दिवस, म्हणून ते नाव. मुंबईची सोय सोडून नागपूरला गिरणी काढणं तेव्हा अनेकांना खुळेपणा वाटला होता. कापूस तिथे पिकतो हे खरं, पण गिरणीत माणसं टिकेनात. शेतीतून आलेला माणूस आठ दिवस यायचा, हातात चार पैसे आले की घरी राहायचा, पेरणीच्या दिवसांत तर दिसायचाच नाही. अशा वेळी मालकाचा नेहमीचा उपाय म्हणजे दंड आणि हाकलपट्टी. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दुसरा रस्ता धरला. बेझनजी हे रेल्वेतून आलेले, गिरणीचा अनुभव शून्य, आणि कदाचित त्यामुळेच 'गिरणीत असंच चालतं' हे वाक्य त्यांना पाठ नव्हतं. नियमित येणाऱ्यांना बक्षिसं ठेवली, घड्याळं, रोख रक्कम, कापड. १८८६ला पेन्शन फंड सुरू केला. १८९५ला कामावर अपघात झाला तर भरपाई द्यायला सुरुवात केली. आता हे कायद्याशेजारी ठेवून बघा. अपघाताच्या भरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ साली. म्हणजे भरपाईच्या बाबतीत ती गिरणी कायद्याच्या २८ वर्षं पुढे होती आणि म्हातारपणच्या सोयीत ६६ वर्षं.

त्याच गिरणीत हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसवली होती आणि आग विझवणारे पाण्याचे फवारे छताला लावले होते. आपल्या देशात ही दोन्ही तेव्हा नवी होती. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना त्या ओल्या हवेची किंमत सांगायला नको. पण इथे थोडं थांबायला हवं. सुताला कोरडी हवा सोसत नाही. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, आणि धागा तुटला की माग थांबतो. मग ती यंत्रं माणसासाठी बसवली की सुतासाठी? मी हा प्रश्न प्रशिक्षणातल्या मुलांना टाकते. दरवेळी वर्गात दोन तट पडतात. एखादी मुलगी हमखास म्हणते, 'मॅडम, दोघांसाठी बसवली तर बिघडलं काय?'

काही बिघडलं नाही. स्वतः जमशेटजींनी ते लपवलंही नव्हतं. आपण इतरांहून जास्त दानशूर आहोत असा दावा करत नाही, कामगारांचं आरोग्य आणि हित हा आपल्या भरभराटीचा पाया आहे, अशा अर्थाचं ते जाहीरपणे बोलले होते. मला हा माणूस आवडतो तो याच साठी. त्याने उपकाराची भाषा केली नाही, हिशोबाची केली. हिशोबाच्या भाषेत समोरच्यालाही बोलता येतं.

या सगळ्या उदाहरणांकडे इतकी वर्षं बघून माझं एक मत झालं आहे, ते पटलं नाही तर सोडून द्या. मालक कनवाळू झाले ते बहुतेक तिथे, जिथे माणसं मिळणं किंवा टिकणं अवघड होतं. नागपुरात गिरणीकामगार हा प्रकारच नवा होता. कुंडलच्या माळावर तर कोणी राहतच नव्हतं. घर नाही, पाणी नाही, पोरांना शाळा नाही, अशा जागी कुशल लोहार आणि सुतार कुटुंब घेऊन का येईल? घरं बांधणं भागच होतं. याने लक्ष्मणरावांचं मोठेपण कमी होत नाही. दुसऱ्या कुणी त्या माळावर चार बराकी टाकून भागवलं असतं, आणि शिवाशीव बंद करायला तर कुठलाच हिशोब त्यांना भाग पाडत नव्हता. ते त्यांचं स्वतःचं होतं.

उलट मुंबईत काय झालं ते बघा. कोकणातून, देशावरून माणसांचे लोंढे येत होते. गिरणीच्या दाराशी रोज सकाळी पाहिजे तितकी माणसं उभी. तिथे मालकाला गरज कसली? सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चालायची, आणि उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो आणि उशिरा मावळतो. १८८१ला पहिला कारखाना कायदा आला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास नऊवर आणले. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीही नव्हतं. रविवारची सुट्टीसुद्धा मुंबईत मालकांनी आपणहून दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक, यांनी ती मागितली. १८८४ला साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला, सभा झाल्या, आणि १० जून १८९०ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. पुढच्याच वर्षी ती कायद्यात आली. लोखंडे १८९७च्या प्लेगच्या साथीत गेले. तुम्ही येत्या रविवारी दहापर्यंत लोळाल, तेव्हा त्यांचं नाव आठवायलाच पाहिजे असं नाही. पण ती सुट्टी ब्रिटिशांनी चर्चला जायला दिली, हे मात्र कुणाला सांगू नका. ते मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलेलं आहे.

मालकाने दिलेल्या सोयीला आणखी एक अडचण असते, ती म्हणजे ती मालकाबरोबर जाते. घर कारखान्याचं असलं की नोकरी सुटली की घरही सुटतं. म्हणून कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणारा माणूस साहेबाशी भांडताना दोनदा विचार करतो. हे मी माझ्या खुर्चीतून रोज बघते. एम्प्रेस मिल पुढे सरकारकडे गेली आणि मग बंद पडली. बक्षिसं आणि मेळावे यांची आठवण राहिली. पण भरपाई आणि फंड यांना तोवर कायद्याचं रूप आलेलं होतं. ते मिलबरोबर बुडाले नाहीत, आणि ज्यांनी नागपूर कधी पाहिलं नाही अशा माणसांच्या पगारपत्रकातही आज त्याचा एक रकाना असतो. आप्पांच्या पगारपत्रकात नव्हता. त्यांना पगारपत्रकच नव्हतं. लाल कापडी वही होती, तीत उचल लिहिलेली असायची.

आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. सिलिकोसिस हा कळवणं सक्तीचं असलेला आजार आहे. डॉक्टरांनी लेखी कळवायचं, कारखान्याने कळवायचं, भरपाईही मिळू शकते. हे सगळं मला शिकताना कळलं तेव्हा आप्पा घरी खिडकीशी बसून होते. मी कागद करू का विचारलं. ते म्हणाले, 'त्यांनी आपल्या पमीचं लग्न केलंय.' पमी म्हणजे माझी आत्या. मी पुन्हा विचारलं नाही. त्या वाक्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आणि मुलांसमोर उभी राहून मी ओवेन-टाटा-किर्लोस्कर सांगते तेव्हाही मनात मी त्याच वाक्याशी बोलत असते. आत्याच्या लग्नाची उचल आणि न बसवलेला पंखा यांची बेरीज-वजाबाकी आप्पांनी एका पद्धतीने केली. माझ्या पद्धतीने ती होत नाही. पंखा हा मालकाच्या मनावर ठेवायचा विषय नाही, मग मन कितीही मोठं असो. आणि मोठ्या मनाच्या मालकांनाही हे बरं पडतं असं माझं निरीक्षण आहे. शेजारच्या शेडमधला मालक पंखा न लावता तेच कास्टिंग स्वस्तात विकत असेल, तर लावणारा किती दिवस टिकेल?

आमच्या कारखान्यात आता फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासायच्या कामाला, कायम कामगार जवळजवळ नाहीत. तिथे ठेकेदाराची माणसं आहेत. बरीचशी ओडिशा आणि बिहारकडची, विशी-बाविशीतली. आपले मराठी आणि कन्नड मुलगे आता त्या कामाला येत नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ही मुलं ठेकेदाराने घेतलेल्या खोल्यांत राहतात, गावाकडे व्हिडिओ कॉल करतात, गणपतीत आमच्याबरोबर आरतीला उभी राहतात. धूळ ओढायची यंत्रणा आमच्याकडे आहे, चांगली आहे. पण गेल्या पावसाळ्यात तिची एक नळी फुटली होती आणि ते कुणी वर कळवलं नाही. मी एका मुलाला विचारलं, का रे नाही सांगितलंस? तो म्हणाला, 'ठेकेदार अच्छा आदमी है, मॅडम. घर जाने के लिए एडवांस देता है.'

नळी त्याच दिवशी बदलून घेतली. त्यानंतर मी दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक म्हणजे ठेक्यावरच्या माणसांच्या छातीचा एक्स-रे कायम कामगारांबरोबर, त्याच डॉक्टरांकडून, आणि त्याची एक प्रत ज्याची त्याला, गावी घेऊन जाता येईल अशी. दुसरी, शेडच्या दाराशी एक फळा, त्यावर दर महिन्याला मोजलेल्या धुळीचा आकडा, हिंदीत आणि ओडियात. एक्स-रेला मंजुरी मिळाली. फळ्याबद्दल व्यवस्थापनाचं म्हणणं असं की आकडा वाचून माणसं उगीच घाबरतील. पुढची बैठक महिनाअखेर आहे. ओडियातला मजकूर मी त्या मुलाकडूनच लिहून घेऊन ठेवला आहे.